झडती

कचऱ्याची गाडी आली की सोसायटीचा सेक्रेटरी फाटकात उभा राहायचा आणि ओला-सुका वेगळा केलाय का बघायच्या नावाखाली प्रत्येकीची पिशवी चारचौघांत पालथी करायचा. गल्लीने त्याचं नाव फौजदार ठेवलं होतं. मागच्या आठवड्यात त्याने टेलरबाईंच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूचे डायपर काठीवर उचलून सगळ्यांना दाखवले होते. 

आज टेलरबाईंची पिशवी उपडी केली, तर चहाच्या चोथ्यात दाढीचं ब्लेड चमकलं. फौजदाराला चेव चढला.

"घरात दोघी विधवा बायका, मग हे ब्लेड कुणाचं हो? कळू दे की सगळ्यांना!"

"तुमचंच," टेलरबाई शांतपणे म्हणाल्या.

सगळ्या गल्लीच्या नजरा फौजदाराकडे वळल्या.  त्याने केविलवाणा होऊन वर आपल्या गॅलरीकडे पाहिलं.

घरात रोज त्याच्या झडत्या सोसणारी त्याची बायको तिथे उभी होती. सकाळी आपल्या घरची ती पिशवी तिनेच टेलरबाईंच्या हाती दिली होती. आता ठरल्याप्रमाणे तिने कपाळावर हात मारला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला.