पाच प्रसंगांची आई

“आईचंच काम आहे,” दिग्दर्शक म्हणाला आणि त्याने संहिता टेबलावरून पुढे सरकवली. “पण या वेळी भरपूर आहे. मागच्यासारखं पाच प्रसंगांत नाही गुंडाळणार तुला.”

समोर बसलेली मुलगी सव्वीस वर्षांची होती. तिने संहितेला हातही लावला नाही. नकार द्यायचा हे ती घरून ठरवूनच आली होती. तो गोड शब्दांत कसा द्यावा, एवढंच सुचत नव्हतं.

हे सगळं लचांड तिच्या मागे लावलं ते कपडेपटवाल्याने. गेल्या वर्षी याच दिग्दर्शकाच्या सिनेमात ती नर्स होती. चार वाक्यं, त्यातलं एक ‘शांत राहा’. नायकाच्या आईचं काम करणाऱ्या बाई ऐन वेळी जिन्यावरून घसरल्या आणि पाय मोडून घेऊन घरी बसल्या. आईचे कपडे शिवून तयार होते, आणि चित्रीकरणाचं घर फक्त तीन दिवसांसाठी मिळालं होतं. “हे कपडे कुणाला होतील?” दिग्दर्शकाने विचारलं. कपडेपटवाल्याने सगळ्यांवरून एकवार नजर फिरवली आणि नर्सकडे बोट दाखवलं. अभिनय येतो का, हे कुणी विचारलंच नाही.

रंगभूषाकाराने केस पांढरे केले, डोळ्यांखाली सुरकुत्या काढल्या. म्हातारपण चेहऱ्यावर चढलं खरं, पण चालायचं कसं, बसायचं कसं, ते कुठून आणायचं? मग तिने आपल्या आईला आणलं. खुर्चीतून उठताना आधी गुडघ्याला ‘चल’ म्हणणारी आई. दुसऱ्याचं बोलणं ऐकताना स्वतःचेही ओठ हलवणारी आई. दार लावल्यावर कडी नीट बसली का म्हणून दोनदा ओढून बघणारी आई. तीन दिवस ती तशीच वागली, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. का, ते कुणाला सांगितलं नाही.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई गेली त्या दिवशी ही कुठल्याशा दूरच्या गावी चित्रीकरणात अडकली होती, तीही गर्दीत पाठमोरी उभी राहायला. पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. “झालं का तुझं काम?” एवढंच बाबांनी विचारलं. त्यानंतर ते तिच्याशी बोललेच नाहीत. दर रविवारी ती फोन करायची. बाबा ‘हं’ म्हणायचे आणि त्यांच्याजवळ राहणाऱ्या आत्याच्या हातात फोन द्यायचे. आत्या हवापाण्यापासून शेजारच्यांच्या भांडणापर्यंत सगळं सांगायची, आणि मागे बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. तिला तेवढाही पुरायचा.

सिनेमा लागला आणि नायक-नायिका बाजूलाच राहिले. जो तो आईबद्दल बोलायला लागला. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. महिन्याभरात सात जणांनी बोलावलं, आणि सातही जणांना आईच हवी होती. एकाने तर तिच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या नटाची आई व्हायला सांगितलं, वर ‘शोभाल’ असंही म्हणाला. मैत्रिणी म्हणाल्या, “एकदा शिक्का बसला की संपलीस. नाही म्हणायला शीक.” खरंच होतं ते. तरुणपणी तरुण दिसावंसं वाटलं, यात तिचं काय चुकलं? शिवाय एक गोष्ट ती मैत्रिणींजवळही बोलली नव्हती. तिला बाबांना पडद्यावर आपला चेहरा दाखवायचा होता. रंग नाही, सुरकुत्या नाहीत, अगदी स्वतःचा. एकदा त्यांनी तो बघितला की बोलतील, अशी तिची वेडी आशा होती.

“सर, मला वाटतं की...” तिने सुरुवात केली आणि फोन वाजला. बाबांचा नंबर. आज रविवार नव्हता. तिने घाईने फोन उचलला.

“बाबा? काय झालं? बरा आहेस ना तू?”

“हं.” मागे गाड्यांचे आवाज येत होते. बाबा कुठेतरी रस्त्यावर उभे होते. “सिनेमा बघितला. रोज जातो मी. दुपारचा खेळ.”

तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते आता येणार होतं. चांगलं म्हणोत, वाईट म्हणोत, तिला काहीही चालणार होतं.

“कसं वाटलं माझं काम?”

“तुझं?” बाबा अडखळले. “आत्या म्हणाली म्हणून पहिल्या दिवशी तुलाच बघायला गेलो होतो गं. पण तू काही दिसली नाहीस मला. ती दिसली. दार लावते आणि दोनदा ओढून बघते. तश्शी.” त्यांचा आवाज चिरकला. “आज शेवटचा दिवस आहे म्हणे. बाहेर फळ्यावर लिहिलंय. आता मी कुठे जाऊ तिला बघायला?”

तिला रडू आलं, आणि ते कुणासाठी हे तिचं तिलाच कळेना. सगळी वर्तमानपत्रं मिळून करू शकली नसती एवढं कौतुक बाबांनी केलं होतं, आणि त्यात ती कुठेच नव्हती. आपण काहीतरी बोललो नाही तर आता ते फोन ठेवतील, पुन्हा ‘हं’वर जातील, एवढं मात्र तिला स्वच्छ कळत होतं.

तिने संहिता जवळ ओढली. दिग्दर्शकाकडे बघून मान हलवली, होकाराची. मग फोन कानाशी घट्ट धरला आणि आईच्या आवाजात म्हणाली, “अहो, पुढच्या वर्षी येते ना मी परत. तोवर वेळेवर जेवत जा.”