बाराव्या विभागातली जागा

“बाई, एकसष्ट पायऱ्या आहेत. दम लागला तर सांगा,” गॅरी म्हणाला.

“लहानपणी मी पळत चढायचे,” असं म्हणून ओझेला टिन्सली कठडा धरून निघाली. ऐंशी वर्षांची बाई, डोक्यावर कामगारांचं पिवळं हेल्मेट. ते सारखं कपाळावर उतरत होतं. गॅरी व्होयचिक या कामाचा मुकादम होता. पण तिसरीत त्याने तिचा भरपूर ओरडा खाल्ला होता, म्हणून पन्नाशीतही तो तिच्या दोन पायऱ्या मागूनच चालत होता.

खाली गावातला बर्ल हॅचर सह्यांचा कागद घेऊन थांबला होता. मार्लो कॉलेज आपलं बास्केटबॉलचं जुनं सभागृह नव्याने बांधून काढत होतं आणि तिथे आता सात हजारांऐवजी पाचच हजार माणसं बसणार होती. बाकांच्या जागी रुंद खुर्च्या येणार, चाकाच्या खुर्चीवाल्यांना पुढे जागा मिळणार आणि छताखालचा बारावा विभाग पुरता जाणार. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या त्या लहानशा गावाला हे सोसेना. दोन हजार गळे कमी झाले तर पाहुणा संघ घाबरणार कसा? निदान बारावा विभाग तरी राहू द्या, म्हणून बर्लने घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या. ओझेला, म्हणजे क्लीओ टिन्सलीची बहीण, तिथेच बसायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कॉलेजच्या अध्यक्षांनीही शब्द दिला होता की तिने सही केली, तर तेवढा भाग आठवण म्हणून तसाच ठेवू.

वर निघण्याआधी ओझेलाने तो कागद वाचला होता, परत दिला होता आणि म्हणाली होती, “आधी एकदा वर जाऊन बसते. मग बघू.”

क्लीओ हा मार्लोकडून खेळलेला पहिला काळा मुलगा. १९५८च्या अंतिम सामन्यात शेवटचे दोन सेकंद उरले असताना त्याने उत्तरेच्या कोपऱ्यातून चेंडू टाकला आणि कॉलेज एका गुणाने जिंकलं. ओझेला तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढे शिक्षिका झाल्यावर चाळीस वर्षं ती दर हिवाळ्यात वर्गाला तो शॉट सांगायची. नुसता सांगायची नाही, टेबल बाजूला सारून करून दाखवायची. गावातल्या प्रत्येक पोराला तो हातवाऱ्यांसकट पाठ होता. काळ्या लोकांनी बाराव्या विभागातच बसावं असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. तिकीट खिडकीवरचा माणूस त्यांना दुसरं तिकीट द्यायचा नाही, एवढंच.

वर पोचल्यावर ओझेलाने शेवटून दुसरा बाक शोधला. हाताने धूळ पुसली, टोकाला बसली आणि श्वास जागेवर आल्यावर मान वर केली.



पूर्वेची भिंत अर्धी उतरवलेली होती आणि तिथून सकाळचं ऊन थेट आत आलं होतं. छताला टांगलेला, खोलीएवढा जाड, गरम हवेचा पत्र्याचा पाइप कामगारांनी नुकताच कापून खाली घेतला होता. समोर आता काहीच आडवं नव्हतं. जुनं लाकडी मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं. त्याच्या रेषा, मधलं वर्तुळ, सगळं एकदम उजळून निघालं होतं.

“अरे देवा,” ती हळूच म्हणाली. “केवढं आहे हे!” मग बोट दाखवून तिने विचारलं, “गॅरी, ती उत्तरेची बास्केट पहिल्यापासून तिथेच होती?”

गॅरी हसला. “ती कुठे जातेय, बाई?”

ओझेला हसली नाही. “तू खाली जा,” ती म्हणाली. “त्या कोपऱ्यात उभा राहा. मी शिकवलं होतं तसं करून दाखव.”

“आत्ता? ह्या बुटांत?”

“तिसरीत तर अनवाणी करायचास.”

एकसष्ट पायऱ्या उतरून गॅरी कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. ड्रिल चालवणाऱ्याने ड्रिल बंद केलं. बर्लही कागद काखेत मारून बघू लागला. गॅरीने डावीकडे निघाल्याचं सोंग केलं, खांदा वळवला, उजवा पाय मागे घेतला आणि दोन माणसांच्या मधून घ्यावी तशी उडी घेतली. पोट सुटलेला, गुडघा दुखणारा माणूस, पण क्षणभर तो खरोखर हवेत होता. हातात चेंडू नव्हता. तरी हात वर तसाच राहिला, मनगट पुढे झुकलेलं, आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांच्या माना त्याच्या बोटांपासून बास्केटपर्यंत एका कमानीत वळल्या.

वर ओझेला उभी राहिली होती. दोन्ही हात तोंडावर होते.

ती खाली आली तेव्हा बर्लने कागद पुढे केला, पेनचं टोपणही काढून दिलं.

“नको, बर्ल. पाडू दे.”

“असं काय करता, ओझेला?” बर्ल कळवळून म्हणाला. “क्लीओचा शॉट तुम्ही त्या जागेवरून पाहिलात!”

“त्या दिवशी पाइपाच्या पलीकडून मला नुसती आरडाओरड ऐकू आली,” ओझेला म्हणाली. “घरी आल्यावर क्लीओने मला स्वयंपाकघरात करून दाखवलं. त्या जागेवरून पाहिला तो आत्ता, पहिल्यांदा.”