तेहतिसावं टोक

लिफ्टने एक हिसका दिला आणि ती दोन मजल्यांच्या मध्येच थांबली.

"रुसली," वॉर्डातले मामा म्हणाले. चाकांची खुर्ची हलू नये म्हणून त्यांनी चाकाला पाय लावला. खुर्चीत तिचे बाबा होते. नाकात नळी, पायांपाशी ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर. वॉर्डातून तपासणीच्या मजल्यापर्यंत पुरेल एवढाच.

तिने घंटेचं बटण दाबलं. बटणाभोवतीचं कडं पिवळं उजळलं.

"लागली घंटा," ती म्हणाली. "येतील आता."

मोबाइलला रेंज नव्हती. या पत्र्याच्या डब्यात ती कधीच नसे. मामांनी दार बडवायला हात उचलला, तशी तिने तो धरला. "नको मामा. बाबा घाबरतील. या बटणाची लाइन माझ्याच हाताखाली आहे." खरंच होतं. हॉस्पिटलचं सगळं नेटवर्क ती सांभाळत होती.

"कोण घाबरतंय?" बाबा म्हणाले. एकेका शब्दाला ते थांबत होते. "सकाळी चहा अर्धा टाकून... कुठे पळालीस, ते सांग आधी."

"सांगते. पण तुम्ही बोलू नका. नुसतं ऐका."

ती बोलत राहिली, ते गप्प बसावेत म्हणून. प्रशासकांना पाहुण्यांच्या खोलीत टीव्ही हवा होता आणि नेटवर्कवर जागा नव्हती.

"टीव्हीला जागा नाही?" मामा हसले. "एवढी मोठी भिंत आहे की!"

"भिंतीवर आहे हो. तारेत नाही. काचेचा एकच तंतू आहे. त्यातला प्रकाश बत्तीस टोकांना वाटून दिलाय. तेहतिसावं टोक जोडायचं तर प्रकाश आणखी वाटावा लागेल, आणि लांबच्यांना आधी अंधार. सगळ्यात लांब आहे आयसीयू."

"बत्तीस," बाबा न राहवून म्हणाले. "माझेही होते. बरेच उपटले... तरी जेवण चालूच आहे."

"मीही तेच केलं. एक उपटलं."

प्रशासक म्हणाले होते, लिफ्टमधल्या घंटेचं टोक काढा, तिच्यातून कोण बोलतंय? त्यावर ती भांडली होती. लिफ्टला हात लावायचा नाही म्हणजे नाही. ही नोकरी तिला नवी होती, नेटवर्क उभारणारे केव्हाच निघून गेले होते आणि निम्म्या तारांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. म्हणून तिने घाई केली नाही. आठवडाभर ती स्क्रीनसमोर बसून कोणतं टोक काय पाठवतंय ते बघत होती. प्रत्येक टोक काही ना काही पाठवत होतं. तळमजल्याकडे गेलेलं एकच टोक मुकं होतं. तिने मागचं सगळं तपासलं. वर्षभरात तिथून एक अक्षर आलेलं नव्हतं. ते टोक मेलेलं होतं, यात शंका नव्हती. सकाळी तिने ते काढलं आणि टीव्ही जोडून दिला.

"म्हणजे हे बटण... तू वाचवलंस," बाबा म्हणाले. मग मामांकडे बघत, "लहानपणापासून अशीच. पटलं नाही की... देवाच्या बापाचं ऐकत नाही."

"बाबा, बोलू नका म्हटलं ना!"

या वेळी ते खरंच बोलले नाहीत. त्यांची मान किंचित कलली. सिलेंडरवरचा काटा लाल पट्टीत उतरला होता. मामांनी चावी पिळून प्रवाह कमी केला. बाहेर कुणाची पावलं नव्हती, आवाज नव्हता. तिने पुन्हा बटण दाबलं आणि या वेळी दाबूनच धरलं. कडं उजळलेलंच होतं.

"इतका वेळ लागत नाही," ती म्हणाली. "मामा, ही घंटा वाजते कुठे?"

"तळमजल्याला, वॉचमनच्या खोलीत. दुपारचा डबा मी तिथेच खातो ना. फळीवर एक काळी पेटी आहे, तीच वाजते."

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "ती पेटी... एरवी काही पाठवते? चालू आहे, बंद आहे, असं काही?"

"पाठवते?" मामांना प्रश्नच कळला नाही. "ती काय पाठवणार मॅडम? ती बिचारी नुसती ऐकत बसते. इथून कुणी बटण दाबलं तरच बोंबलायची. वर्ष झालं असेल, तिला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही."

तिने बटणावरचं बोट उचललं.