पंधरा सोंगट्या

मेहुणी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंच्या टेबलाशी बसली तशी मुकादमाने आपली खुर्ची मुद्दाम पुढे ओढली. आज हिचं नाटक उघडं पाडायचंच, असं तो घरूनच ठरवून आला होता.

बायकोच्या या धाकट्या बहिणीला रंगाच्या कारखान्यात त्यानेच चिकटवलं. मिक्सिंगच्या खोलीत, आपल्या हाताखाली. नऊ वर्षं काम शिकवलं. आणि या बयेने काय करावं? थिनरच्या वाफेने माझी रंगांची नजर गेली, मुकादम पंखा लावू देत नव्हते, असा थेट भरपाईचा अर्जच केला. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

पंखा तो बंद ठेवायचा, नाही कोण म्हणतं? वाऱ्याने धूळ उडून ओल्या नमुन्यांवर बसते. पण त्याच वाफेत तो स्वतः सव्वीस वर्षं उभा होता. त्याला काय धाड भरली होती?

त्या अर्जापायी त्याची बढती अडकली. तीन महिने तो आतल्या आत धुमसत होता. आजच्या तपासणीत ती खोटी ठरली, की भरपाईही बुडणार आणि नोकरीही जाणार.

"रस्त्यावर आणतो की नाही बघ तिला," सकाळी पायांत मोजे चढवताना तो म्हणाला होता.

"बहीण आहे ती माझी," बायको म्हणाली. "आणि ते मोजे बदला. जोडीचे नाहीत."

"आधी घरातली ट्यूब बदल," तो खेकसला आणि तसाच निघाला. कारखान्यातर्फे साक्षीदार म्हणून त्यानेच स्वतःचं नाव दिलं होतं.

डॉक्टरबाईंनी एक लांबट डबी उघडली. आत पंधरा गोल सोंगट्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. त्यांनी त्या टेबलावर विस्कटल्या.

"ही सोळावी, निळी, डबीत पक्की बसवलेली आहे. तिच्या शेजारी तिच्या सगळ्यांत जवळच्या रंगाची ठेवा, मग त्या रंगाच्या जवळची. अशी रांग लावायची. बरोबर लागली तर खालचे आकडे एक ते पंधरा ओळीने येतात. उलटून मात्र बघायचं नाही."

मेहुणी एक उचलायची, परत ठेवायची, दुसरी घ्यायची. चालू दे तुझी नाटकं, मुकादम मनात म्हणाला. त्याने सोंगट्यांवरची नजर क्षणभर हलू दिली नाही.

रांग पुरी झाली. त्याने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, पुन्हा पाहिली, आणि त्याला मनातून उकळ्या फुटल्या. रंग एकातून दुसऱ्यात अलगद उतरत गेले होते. त्याने स्वतः लावली असती तर अशीच लावली असती. नऊ वर्षांची हाताची सवय. बाई खोटं बोलायलाच विसरली होती.

"मला नाही जमलं बहुतेक," मेहुणी हळू आवाजात म्हणाली. "पुढचे सगळे सारखेच दिसतात."

"सारखेच?" तो हसला. "डॉक्टरबाई, लिहून घ्या. रांग बिनचूक आहे. हिचे डोळे ठणठणीत आहेत."

"घाई नको. खिडकीपाशी नेऊन बघा हवं तर. एखादी बदलावीशी वाटते?"

त्याने डबी खिडकीपाशी नेली, भरपूर उजेडात धरली. "एकही नाही. सव्वीस वर्षं याच डोळ्यांनी रंग पास केलेत मी. आणा कागद, सही करतो."

त्याने तसं लिहून झोकात सही ठोकली आणि मेहुणीकडे पाहिलं. "आता कळेल तुला."

"भावोजी, मी खोटं नाही हो बोलत," ती म्हणाली. तिने मान खाली घातली.

डॉक्टरबाईंनी डबीचं झाकण लावलं, डबी उलटी करून तिचा तळ उघडला आणि आकडे मोठ्याने वाचले.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, पंधरा, आठ, चौदा, नऊ, तेरा..."

मेहुणीने हळूहळू मान वर केली. डॉक्टरबाईंनी मुकादमाची सही असलेला कागद तिच्या फायलीला लावला आणि खणातून दुसरा, कोरा फॉर्म काढला.

"बसा मुकादम," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत सव्वीस वर्षं म्हणालात ना?"