पेन्सिलीनं भरलेला रकाना

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सकाळी सांगितलं आणि दुपारी तिच्या प्रयोगशाळेतल्या सरांचा फोन आला. पीएचडी झाल्यावर सहा वर्षं ती त्यांच्याकडे तात्पुरत्या जागेवर होती. दर वर्षी विद्यापीठात पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाच्या पदासाठी अर्ज करायची आणि दर वर्षी सर त्यावर शेरा मारायचे, "पात्रता आहे, पण स्वतंत्रपणे काम करण्याचं कौशल्य दिसत नाही."

"फार वाईट झालं हो," सर म्हणाले. "मला मुलीसारखी होती ती." मग जरा घुटमळले. "ही वेळ नव्हे, कळतं मला. पण तिची प्रयोगांची वही घरी आहे का? तिनं वाढवलेल्या पेशींचं द्रावण उद्यापर्यंत बदललं नाही, तर सगळ्या मरतील."

"तुमच्याकडे बाकीची माणसं आहेत ना, सर?"

"आहेत की, चौघं आहेत. पण ते काम तिच्याशिवाय कुणालाच येत नाही. मलासुद्धा नाही. सगळं तिनंच एकटीनं बसवलेलं."

"एवढं लिहून द्याल का?"

"आता? आता कुणासाठी?"

संध्याकाळी घरी आलो. वही तिच्या टेबलावरच होती. वहीखाली या वर्षीचा अर्ज होता. नाव, पदव्या, छापून आलेले लेख, सगळं शाईनं भरलेलं. 'स्वतंत्रपणे केलेले काम' या रकान्यात तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'सरांना विचारून भरणे.'

विचारून झालं आहे. रकाना तेवढा शाईनं भरायचा राहिला आहे.