न ऐकलेला प्रश्न

वकीलबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि तिने पुन्हा खोटं सांगितलं. नवऱ्याची तब्येत ठणठणीत आहे, म्हणाली. कामही छान चाललंय. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. कोर्टाबाहेरच्या अरुंद बोळात एकच बाक होतं, त्यावर नवरा बसला होता. तिला मात्र बसवत नव्हतं. खिडकीपर्यंत जायची, परत यायची. पर्सची कडी उघडायची, मिटायची. वकीलबाई थकल्या आवाजात सगळं परत सांगत राहिल्या. इथल्या नागरिकाशी लग्न केलं म्हणून हद्दपारी आपोआप टळत नाही. तिचा इथे राहण्याचा परवाना लग्नाच्या कितीतरी आधी संपलेला, तेव्हा ती वाट बंद. आपण होऊन निघून जायचं आणि तिकडून अर्ज करायचा, तर त्यात वर्षं जातील, आणि परत येता येईलच असं कोण सांगणार? उरली एकच वाट. ही गेली तर या माणसाचं जगणंच अवघड होईल, हे न्यायाधीशांना पटवायचं.

‘तेवढं काहीतरी द्या मला,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘म्हणजे मी लढते.’

तिच्याकडे ते होतं. अगदी जिभेच्या टोकावर होतं. ती खिडकीकडे वळली.

नवरा किल्लीने तारा पिळून पियानोचे सूर जुळवायचा. त्याचा हात असा, की संगीतशाळेच्या मुख्याध्यापिका दुसऱ्या कुणाला वाद्याजवळ फिरकू देत नसत. त्याच शाळेत ती पडदे शिवायला आली होती. शिडीवर उभी राहून पडदा टांगता टांगता ती सहज बोलून गेली, ती तार अजून जरा उतरलेली वाटते. त्याने चमकून वर पाहिलं. त्या पाहण्याचंच पुढे लग्न झालं. नणंद अजूनही म्हणायची, कागदपत्रांसाठी गळ्यात पडली.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याचे कान जायला लागले. आधी बारीक सूर गेले, मग बायकांचे आवाज, मग जवळजवळ सगळंच. तेव्हापासून ती त्याच्याबरोबर कामाला जाऊ लागली. शिवणाची पिशवी घेऊन शेजारी बसायची आणि सूर जुळला की पायाने त्याचा पाय दाबायची. कुणी त्याला काही विचारलं की नुसते ओठ हलवून त्याला सांगायची. लोक थट्टा करायचे, बायकोला घटकाभर सोडवत नाही वाटतं. ती दोघंही हसण्यावारी न्यायची. खरं कळलं असतं तर काम गेलं असतं, आणि कामाबरोबर नावही. नावाशिवाय त्याने दुसरं कमावलं होतं काय?

आत पुकारा झाला. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बसल्या होत्या, तिच्या चांगल्या वागणुकीची साक्ष द्यायला आवर्जून आलेल्या. त्यांना पाहून तिने नजर चुकवली.

न्यायाधीश कागदांत मान घालून बोलायचे. साक्षीला उभ्या राहिलेल्या नवऱ्याला त्यांनी विचारलं, ही परत गेली तर तुमचं नेमकं काय अडेल?

त्यांचे ओठ त्याला दिसले नाहीत. सवयीने त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने ओठ हलवले. काही नाही म्हणा.

तेवढ्यावरून प्रश्न काय असेल ते त्याला उमगलं. बाहेर वकीलबाई इतका वेळ कशासाठी डोकं फोडत होत्या, तेही उमगलं. तो तिच्याकडे पाहतच राहिला. मग न्यायाधीशांकडे वळला.

‘साहेब, तुम्ही विचारलंत ते मला ऐकू आलं नाही,’ तो म्हणाला. ‘मला काहीच ऐकू येत नाही. सूर ही लावते. मी नुसती किल्ली फिरवतो.’

मागे मुख्याध्यापिकांच्या हातातला चष्म्याचा डबा खाली पडला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला, त्याला सोडून.

न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. मधल्या काळात कानांची तपासणी झाली. शाळेने दुसरा माणूस पाहिला. मुख्याध्यापिका स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. पण त्यांना मान वर करवेना, म्हणून त्या गेल्यावर तिलाच ते त्याला सांगावं लागलं. मग ती त्याच्यावर खूप चिडली. कशाला बोललात, म्हणून भांडली, रडली. त्याने सगळं तिच्या ओठांवर शेवटपर्यंत वाचलं आणि तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

निकालही न्यायाधीशांनी मान खाली घालूनच वाचला. हद्दपारी रद्द. वकीलबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

‘काय म्हणाले?’ नवऱ्याने विचारलं. फार मोठ्याने विचारलं. सगळे वळून पाहायला लागले.

अशा वेळी आजवर ती नुसते ओठ हलवायची. आज ती उभी राहिली आणि अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, ‘राहा म्हणाले.’