ओळीआधीचा हशा

“पडद्यावर मी एकतीस वेळा मेले,” डनलॅपबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

इथे त्या रोजच थांबायच्या. दोन श्वास. प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत मंजुषाने बोट बटणावर ठेवलं. काम म्हटलं तर सोपं होतं. बाईंनी इंग्रजीत ओळ म्हटली की बटण दाबायचं, रंगमंचावरच्या पाटीवर तीच ओळ जपानीत उमटायची. शेजारी बसणाऱ्या वरिष्ठ मोरिता-साननी पहिल्याच दिवशी नियम सांगून ठेवला होता: आधी तोंडातून, मग पाटीवर. उशीर झाला तर लोक सांभाळून घेतात, पण ओळ आधी दिसली तर नटीच्या हक्काचा हशा आपण चोरला असं होतं.

दोन श्वास झाले. तीन झाले. चार झाले.

डनलॅपबाई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. अमेरिकेहून त्या २०११ सालीच यायच्या होत्या, पण भूकंपामुळे दौरा रद्द झाला. नंतर कधीतरी येईन म्हणाल्या होत्या, आणि तीन वर्षांनी शब्दाला जागून आल्या. एक खुर्ची, एक पाण्याचा ग्लास आणि साठ वर्षांची कारकीर्द, एवढ्या सामानावर त्या तोक्योच्या कोतो भागातल्या या छोट्या नाट्यगृहात उभ्या होत्या. सिनेमात आधी घोड्यावरून पळवली जाणारी पोरगी, मग कुणाची तरी दुसरी बायको, मग खुनी नर्स, मग मालिकांमधली सगळ्यांची आजी. आणि सिनेमावाले विसरले की प्रत्येक वेळी पुन्हा नाटक. स्वतःचीच ही गोष्ट त्या सव्वा तास एकटीने अशी रंगवायच्या, की मंजुषाला आपण कामावर आहोत याची आठवण ठेवावी लागायची. कानात यंत्र घालायला त्यांनी साफ नकार दिला होता. ज्या दिवशी कुणाला मला ओळ सांगावी लागेल त्या दिवशी मी घरी जाईन, असं तालमीत सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. ते गमतीत म्हटलेलं नव्हतं.

पाच श्वास.

दुपारचा खेळ होता. तीनशे माणसं, बहुतेक साठीपुढची, चिडीचूप बसून होती. काय सुरेख थांबल्यात बाई, असंच त्यांना वाटत असणार. मंजुषाला मात्र बाईंचा हात दिसला. तो मागच्या मागे खुर्चीची पाठ चाचपत होता.

ओळ गेली होती.

पुण्यात बँकेच्या हौशी नाटकांना मंजुषाने आठ वर्षं विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं होतं. असे चाचपणारे हात तिने बरेच पाहिले होते. तिचे ओठ आपोआप हललेसुद्धा. पण इथे मधे जाड काच होती, आणि ऐकू गेलं असतं तरी ओळ सांगितलेली या बाईंना चालणार नव्हती. सांगायची नाही आणि गप्पही बसायचं नाही, असं काय करता येईल? तिची नजर बटणावर गेली.

थांब, अशा खुणेने मोरिता-साननी तळहात आडवा धरला.

मंजुषाने बटण दाबलं.

पाटीवर अक्षरं आली: ‘पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या शूटिंगला एकदाही उशिरा गेले नाही.’

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर हात धरला. मग तिसरी रांग, मग सगळं प्रेक्षागृह. इथे रोज सगळ्यात मोठा हशा याच ओळीला यायचा. मेलेली बाई कामावर वेळेवर पोहोचते, हे तोक्योतल्या माणसांच्या अगदी जिव्हाळ्याचं होतं.

डनलॅपबाईंनी झटकन मान उचलली. जपानीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण हशा येत होता. कोणता हशा कोणत्या ओळीचा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. हात खुर्चीवरून सुटला. घाई त्यांनी मुळीच केली नाही. हशा पुरता ओसरू दिला, रिकाम्या मनगटावर घड्याळ पाहिल्यासारखं केलं, आणि सावकाश ओळ म्हटली. या वेळी लोक असे हसले की एका आजोबांचा चष्मा मांडीवर पडला आणि तो उचलायचंही त्यांना सुचेना. मंजुषा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. इतका आनंद तिला जपानात आल्यापासून झाला नव्हता.

खेळ संपला तेव्हा मोरिता-सान अतिशय नम्रपणे म्हणाले, मंजुषा-सान, आपल्याला जरा बोलावं लागेल. त्यांचा नम्रपणा जितका वाढेल तितकं प्रकरण गंभीर, हे तिला आता कळत होतं. नोकरी गेली, हे उरायासूला घरी जाऊन नवऱ्याला, अंबरीषला, कसं सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करू लागली.

तेवढ्यात दार उघडलं. लोखंडी जिना चढून डनलॅपबाई स्वतः वर आल्या होत्या. मेकअप अर्धा पुसलेला, श्वास लागलेला. मोरिता-सान कंबरेत वाकले आणि आधी उमटलेल्या ओळीबद्दल माफी मागू लागले. मंजुषाही वाकली.

“चूक माझी आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “बोट घसरलं.”

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तिचा हात हातात घेतला आणि ते बोट नीट उलटसुलट करून बघितलं.

“उद्या ते अर्धा श्वास उशिरा घसरू दे,” त्या म्हणाल्या. “शांतता अजून पुरती पिकली नव्हती.”